तीन तासांची वाट

सुरतेहून जळगाव सुमारे ३०० किलोमीटर दूर आहे आणि दुबई सुमारे १,८३० किलोमीटर. जळगावच्या आगगाडीस पाच तास तरी लागतात. दुबईच्या विमानास सुमारे तीन. तेव्हा लिंबायत-उधन्यातील एखादी खानदेशी माता ‘गावच्या घरापेक्षा मुलगाच जवळ’ असे म्हणाली, तर त्यात वावगे नाही. तथापि हा हिशोब अपुरा आहे. तो पुरा करण्याची वेळ बहुधा दुःखाच्या प्रसंगी येते. म्हणून आधीच मांडून ठेवणे बरे.

मोगल अमदानीत सुरतेस मक्केचे द्वार म्हणत. यात्रेकरूंची जहाजे मोसमी वाऱ्याच्या भरवशावर निघत. जाण्याचा वारा एक, परतण्याचा दुसरा, आणि मध्ये कित्येक महिने. फेब्रुवारी २०१९ मध्ये सुरतेहून शारजास थेट विमान सुरू झाले, डिसेंबर २०२३ मध्ये दुबईसही. वाऱ्याची सत्ता मात्र अजून पुरती संपलेली नाही. हिवाळ्यात उंचावरून पश्चिमेचे जोरकस वारे वाहतात. त्यामुळे जाताना वेळ अधिक लागतो, येताना कमी.

घड्याळाचा घोटाळा याहून मोठा. दुबईची वेळ आपल्याहून दीड तास मागे आहे. सुरतेहून रात्री आठला निघालेला प्रवासी तेथील साडेनऊला उतरतो. जणू दीड तासातच पोहोचला! उलट दुबईहून तेथील आठला निघालेला येथे मध्यरात्रीनंतर साडेबाराला उतरतो. वेळ तर पुढे जातेच, तारीखही बदलते. अंत्यविधीची वेळ ठरविताना ही तारीख चुकून चालत नाही.

शिवाय तीन तास हे केवळ आकाशातले. विमानतळावर तीन तास आधी जावे लागते. उतरल्यावर पारपत्राची तपासणी, सामान, घरची वाट. सारे मिळून सात-आठ तास सहज होतात. संयुक्त अरब अमिरातीच्या २०२१ च्या कायद्याप्रमाणे खाजगी नोकरीतील माणसास आईवडिलांच्या मृत्यूनंतर पगारी रजा मिळते ती ३ दिवसांची, आणि ती मृत्यूच्या तारखेपासून मोजली जाते. म्हणजे येथे दवडलेला प्रत्येक तास मुलाच्या त्या तीन दिवसांतूनच वजा होतो.

‘फादर, मुलगा पोहोचेल ना?’ असे आम्हांस विचारले जाते, तेव्हा आम्ही प्रथम विचारतो, ‘त्याला कळविले केव्हा?’ पुष्कळदा उत्तर येते, ‘रात्री कशाला झोपमोड करायची, म्हणून सकाळी.’ त्यामागची माया आम्ही जाणतो. परंतु तेवढ्या रात्रीत विमान दुबईहून येऊन परतही गेले असते.

म्हणून वाचकहो, निरोप तत्काळ द्यावा. वेळ सांगताना कोणत्या देशाची ते सांगावे, तारीखही सांगावी; आणि मुलाचे तिकीट निश्चित झाल्यावरच दफनाची वेळ ठरविण्यास आमच्याकडे यावे.