सोंडेपुराण, अर्थात व्हर्जन चुकलं की...

मंडळी, सोंडे म्हटलं की आपल्याला आठवतो तांदळाचा डबा आणि आईची चिडचिड. पण याच खानदानात जेमतेम २ मिमीचा एक मेंबर आहे, ज्याने अख्ख्या नद्या मोकळ्या केल्यात. नाव सिर्टोबॅगस साल्विनिए.

त्याचं खाणं म्हणजे साल्विनिया मोलेस्टा ही तरंगती वनस्पती. केरळात हिला 'आफ्रिकन पायल' म्हणतात, पण ती मूळची ब्राझीलची! बी धरत नाही, तुकडा तुटला की नवीन रोप. जमलं तर काही दिवसांत दुप्पट. पापुआ न्यू गिनीच्या सेपिक नदीवर १९८०च्या सुमारास हिने सुमारे २५० चौ. किमी पाणी झाकलं होतं. तिथे रस्ता म्हणजे नदीच. होडी अडली की मासेमारी, बाजार, शाळा, दवाखाना सगळंच अडलं. काही गावं तर चक्क उठून गेली.

उपाय आधीच शोधला होता की! त्रिनिदादचे सोंडे आफ्रिकेत सोडूनही झाले होते. पण ढिम्म. कारण ते होते साल्विनियाच्या दुसऱ्याच जातीवरचे. मोलेस्टा ही वेगळी जात आहे, हे १९७२ मध्ये ठरलं. तिचं माहेर, आग्नेय ब्राझील, सापडलं १९७८ मध्ये. तिथले सोंडे दिसायला डिट्टो तसेच. ते १९८० मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मूनडारा तलावात सोडले आणि साधारण वर्षभरात तलाव जवळजवळ साफ! हा सोंडा मुळात वेगळी जात आहे, हे कागदावर आलं थेट १९८५ मध्ये. म्हणजे आधी फिक्स चालला, डॉक्युमेंटेशन नंतर. (ओळखीचं वाटतंय ना?)

सेपिकवर मात्र हाच किडा सुरुवातीला तग धरेना. कोड तेच, एन्व्हायर्नमेंट वेगळं! तिथल्या झाडांत नायट्रोजनच कमी, मग किड्यांचं पोट कसं भरणार? म्हणून संशोधकांनी काय करावं? जे तण मारायचं त्यालाच युरिया घातला. झाडं पौष्टिक झाली, सोंडे वाढले, अळ्यांनी खोडं पोखरली आणि तण बुडालं. पुढे हेच सोंडे केरळातही कामाला लागले.

मला सगळ्यात आवडतं ते यापुढचं. तण संपत आलं की सोंडेही उपासमारीने कमी होतात. दोघंही थोडे थोडे उरतात. पूर्ण नायनाट कुणाचाच नाही. पण सेपिकवर होड्या पुन्हा चालू लागल्या, आणि त्या माणसांना तेवढंच तर हवं होतं.

असो. सोमवारी स्टेटस मीटिंगमध्ये कुणी "सेम टू सेम आहे, चालेल" म्हणालं, तर मला हा सोंडा आठवणार.