निकाल आणि न्याय : एका कुस्तीशौकिनाचा प्रतिसाद

२ फेब्रुवारी २०२५ रोजी अहिल्यानगरच्या वाडिया पार्क मैदानावर ६७व्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेची सांगता झाली. गादी विभागाच्या निर्णायक लढतीत पृथ्वीराज मोहोळने शिवराज राक्षे यास चितपट केल्याचा निर्णय पंचांनी दिला. दोन्ही खांदे टेकलेच नाहीत, असे राक्षेचे म्हणणे होते. त्याने पंचांची कॉलर धरली व लाथ मारली. पुढे माती विभागाचा विजेता महेंद्र गायकवाड अंतिम लढत अर्धवट सोडून आखाड्याबाहेर पडला आणि गदा मोहोळकडे गेली. राक्षे आणि गायकवाड या दोघांवरही तीन वर्षांची बंदी घालण्यात आली.

शनिशिंगणापूरहून आलेला एक कुस्तीशौकीन त्या गर्दीत होता. तो राक्षेच्या बाजूचा. निर्णय कानी पडताच तो इतरांबरोबर ओरडला. लाथ पाहताच मात्र त्याचा आवाज बसला. आपल्या तक्रारीतील शब्द कोणीतरी काढून घेतला आणि तिच्या जागी पाय ठेवला, असे त्याला वाटले. रात्री मोबाइलवर तेच काही क्षण त्याने पुनःपुन्हा पाहिले. एका कोनातून खांदा टेकलेला वाटे, दुसऱ्या कोनातून उचललेला. मोहोळच्या विजयाला आपण टाळी दिली नाही, हे त्याला अधिक बोचत राहिले. निकाल मोहोळने दिला नव्हता. तो केवळ लढला होता.

रोलाँ बार्थ यांनी ‘मिथॉलॉजीज’ (१९५७) मधील कुस्तीविषयक निबंधात पॅरिसमधील नाटकी कुस्तीचे विवेचन केले आहे. तेथे प्रेक्षकाला कुस्ती खरी की खोटी याच्याशी कर्तव्य नसते. त्याला दुःख, पराभव व न्याय यांचे स्पष्ट दर्शन हवे असते. महाराष्ट्राच्या आखाड्यातील शौकीन या उपपत्तीत बसत नाही. त्यालाही न्यायाचे दर्शन हवे असते, परंतु ते खऱ्या खांद्यावर आणि खऱ्या मातीवर. तो डाव जाणतो, गुण मोजतो, पंचाच्या शिट्टीआधीच मनाशी निर्णय देतो. म्हणून त्याचा राग आस्वादकाचा नसून समांतर वाचन करणाऱ्या वाचकाचा असतो. संहिता एक, अन्वयार्थ दोन. आणि अधिकृत अन्वयार्थ एकाच्याच हाती.

या शौकिनाच्या गावाचा संदर्भ येथे अप्रस्तुत ठरत नाही. घरांना दारे नसलेले गाव अशी शिंगणापूरची ख्याती आहे. २०११ मध्ये युको बँकेची तेथील शाखा ‘कुलूप नसलेली’ म्हणून गाजली. चोराला शनिदेव शासन करतो, ही श्रद्धा या व्यवस्थेच्या मुळाशी आहे. तेथे निर्णय आणि न्याय यांच्यामध्ये पंच नाही. आखाड्यात तो आहे, आणि त्याला दोनच डोळे आहेत. शनिवार मारुतीचाही असतो आणि शनीचाही. पैलवानाचे दैवत आणि दंड देणारे दैवत एकाच वाराला पुजणाऱ्या मनाला बळ आणि न्याय वेगळे करणे सोपे जात नाही. परंतु शिंगणापूरही बदलत आले आहे. चौथऱ्यावरील स्त्रियांच्या प्रवेशाचा प्रश्न २०१६ मध्ये आंदोलन आणि न्यायालय यांच्यामार्गे सुटला. देवाच्या दारातील न्यायही अखेर माणसांच्या वादातूनच घडला.

या दृष्टीने पाहता त्या शौकिनाच्या मौनाचा अर्थ लागतो. त्याला निकाल पटला नव्हता. निकाल देणाऱ्यावर उचललेला पाय त्याहून पटला नव्हता. पंच चुकू शकतो, हे मान्य करूनच आखाडा उभा असतो. म्हणूनच दाद मागण्याची, चित्रफीत पुन्हा पाहण्याची वाट मोकळी असावी लागते. ती वाट बंद वाटली की शौकीन श्रद्धेकडे वळतो, नाहीतर लाथेकडे. समीक्षेलाही हा धडा परका नाही. अधिकृत अन्वयार्थाशी भांडता येते, पण भांडणाची जागा शाबूत ठेवूनच. अन्यथा हरलेल्याचे म्हणणे ऐकले जात नाही आणि जिंकलेल्याची गदाही हलकी होते.