खडा

काम डोळ्यांना दिसले तरच ते काम, अशी आमच्या घरातली समजूत. अण्णा भर पावसात खाचरात वाकून भाताची लावणी करतात, ते काम. दादा नसरापूरच्या घरी माळ्यावर बसून पुण्याच्या एका कंपनीसाठी प्रोग्रॅम लिहितो. ते नुसते बसणे. "बसून बसून एवढा कसला दमतोस रे?" असे अण्णा विचारीत आणि आम्ही सारे हसत असू. हसण्यात मी पुढे.

गेल्या पावसाळ्यात दादा एका रात्री झोपलाच नाही. पहाटे मी पाणी प्यायला उठलो, तर तारवटलेल्या डोळ्यांनी तो पडद्याकडे पाहत बसलेला. व्याजाचा हिशेब चुकत होता. ८९ दिवस घातले की उत्तर बरोबर, ९१ घातले तरी बरोबर. नेमके ९० घातले की चूक! उजाडता उजाडता दोष सापडला. 'नव्वद किंवा अधिक' म्हणायचे, तिथे 'नव्वदहून अधिक' असे लिहिले गेले होते. यंत्राने बिचाऱ्याने सांगितले तेवढेच केले. माणूस समजून घेतो. यंत्र फक्त ऐकते.

अशा चुकीला 'बग', म्हणजे किडा, म्हणतात. शब्द त्याआधीचाच, पण १९४७ साली हार्वर्ड विद्यापीठातील मार्क-२ या यंत्रात खरोखरीचा पतंग अडकलेला सापडला आणि तो नोंदवहीत चिकटवून ठेवला, ही हकिगत दादानेच सांगितली. मी म्हटले, "एवढ्याशा चुकीपायी अख्खी रात्र?" तो म्हणाला, "वर्षभर नीट चाललं, तेव्हा कुणी विचारलं नाही. काल चुकलं, तर सात फोन आले."

त्याच दुपारी जेवताना माझ्या दाताखाली खडा आला. मी आईवर खेकसलो, "नीट बघून निवडत जा ना गं!" आई काही बोलली नाही. दादाने माझ्याकडे नुसते पाहिले. घास तोंडातच राहिला. आठवा फोन मी केला होता!

संध्याकाळी सूप घेऊन आईशेजारी बसलो. पांढऱ्या तांदळात पांढरा खडा शोधायचा, म्हणजे काय ते तेव्हा कळले. अर्ध्या तासात मान भरून आली. इतकी वर्षे जे खडे माझ्या ताटात आलेच नाहीत, ते कोणी मोजले?

बनेश्वराला गेलो की आपण घंटा वाजवतो. देऊळ नानासाहेब पेशव्यांनी १७४९ साली बांधले. घंटेवर क्रूस आहे आणि १६८३ हे साल. चिमाजीअप्पांनी वसईला पोर्तुगिजांकडून जिंकून आणलेली ती, असे सांगतात. जिंकणाऱ्याचे नाव आम्हां सर्वांना पाठ; ओतणाऱ्याचे कुणालाच ठाऊक नाही. घंटेला तडा गेला असता, तर मात्र पहिला प्रश्न हाच आला असता: "ओतली कुणी?" चांगल्या कामाचे असेच असते. ते करणाऱ्याला झाकून टाकते. चूक तेवढी त्याचे नाव विचारीत येते.

अण्णा अजून दादाला चिडवतात. मी हसत नाही. परवा जेवून उठताना आईला म्हटले, "आज खडा लागला नाही गं."

ती म्हणाली, "मग त्यात सांगायचं काय?"