कानातले केस

डोक्यावरचा केस गळला की माणूस हळहळतो. कानातल्या केसांची चौकशी कोणी करत नाही. बाहेर डोकावणाऱ्या नव्हे हो! प्रत्येक कानाच्या आत, शंखात, सुमारे १५,००० केसपेशी असतात. आवाज मेंदूपर्यंत पोचतो तो त्यांच्यामुळे. डोक्याला टोप तरी मिळतो. या पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत.

आमचे चिरंजीव लोकलमध्ये हेडफोन लावतात. गाडीचा खडखडाट वाढला की हे गाणं वाढवतात. शेजारच्याला फुकट मैफल! जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब मात्र वाण्यासारखा चोख: ८० डेसिबल आठवड्याला ४० तास, ९० असेल तर फक्त ४. म्हणून आवाज ६० टक्क्यांच्या आत ठेवावा, कानांना मधूनमधून सुट्टी द्यावी आणि बाहेरचा गोंगाट अडवणारा हेडफोन घ्यावा.

"म्हातारपणी बघू," चिरंजीव म्हणाले.

बघायला मिळेल रे, ऐकायला मिळणार नाही! आधी जातात ते वरच्या पट्टीतले बारीक आवाज: पाखरांची किलबिल, तानपुऱ्याची जवारी. म्हणजे ज्या गाण्यासाठी एवढा आटापिटा, त्याचीच गोडी पहिली जायची. खडखडाट तेवढा शेवटपर्यंत सोबतीला!