परकोटाला लागून

अमरावतीत पत्ता सांगताना गेट लागतंच. अंबागेटच्या आत, जवाहर गेटच्या बाहेर, खोलापुरी गेटकडून डावीकडे. ऑटोवाला विचारतो, ‘गेटावर सोडू का आत जायाचं हाय, ताई?’ ही गेटं ज्या भिंतीला आहेत, ती भिंत, म्हणजे परकोट, मात्र पत्त्यात कधी येत नाही. बुधवारा वस्तीत वाढलेल्या एका मुलीच्या लेखी तर परकोट म्हणजे शाळेच्या वाटेवरचा काळ्या दगडांचा आडोसा होता. कोणाचं न्हाणीघर त्याला टेकलेलं, कोणाची वखार. पतंग कटून वर अडकला की तेवढ्यापुरती तिची मान वर जायची, आणि भिंत किती उंच आहे ते कळायचं.

घरात कोणी म्हणे परकोट भोसल्यांनी बांधला, कोणी थेट मोगलांचं नाव घेई. बांधला गेला तो निजामाच्या अमलात. डिसेंबर १८०३ मध्ये वेलस्लीच्या इंग्रज फौजेने गाविलगड घेतला, देवगावच्या तहाने वऱ्हाड निजामाच्या पदरात पडलं आणि पेंढाऱ्यांचे घोडे या पेठेकडे वळले. चित्तू पेंढाऱ्याला सात लाख रुपये मोजून सावकारांनी गाव वाचवलं, असं अजून सांगतात. १८०७ मध्ये भिंतीचं काम सुरू झालं: घेर सव्वादोन मैल, उंची वीस ते सव्वीस फूट, पाच दरवाजे, चार खिडक्या म्हणजे छोटे दरवाजे. आत ना राजवाडा, ना गडावरचा दारूगोळा. होत्या त्या पेढ्या, हुंड्या आणि कापूस. रेल्वे येण्याआधी इथला कापूस बैलांच्या पाठीवर लादून पाचशे मैलांवरच्या मिर्झापूरला जात असे. एवढी मोठी भिंत निव्वळ बाजारासाठी उभी राहिली, ही गोष्ट वऱ्हाडी माणसाने जरा तोऱ्यात सांगायला हरकत नाही.

आजी तिला छत्रपुरी खिडकी, माता खिडकी दाखवायची. खुनारी खिडकीचा विषय निघाला की मात्र ‘चाल बाप्पा लवकर’ म्हणून हात ओढायची. या खिडकीपाशी १८१०च्या दशकात झालेल्या मारामारीत सातशे माणसं मेल्याची नोंद जुन्या गॅझेटियरमध्ये आहे. आजीने गॅझेटियर पाहिलंही नसेल.

पुढे लग्न झालं आणि ती अहमदाबादला गेली. तिथे १९९७ पासून महापालिकेची पायी फेरी निघते: सकाळी कालुपूरच्या स्वामिनारायण मंदिरातून सुरुवात, जामा मशिदीपाशी शेवट. गाइड प्रत्येक पोळमध्ये, म्हणजे जुन्या मोहल्ल्यात, थांबतो, लाकडी नक्षी दाखवतो, कबुतरांचा चबुतरा दाखवतो, एका घरातून दुसऱ्या गल्लीत निघणारी वाट दाखवतो. पाहुणे आले की ती त्यांना तिकडे पाठवायची, बहुतेक वेळा स्वतःही जायची. २०१७ मध्ये शहराला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला तेव्हा शेजारी पेढे वाटत होते, आणि हिच्या मनात भलताच हिशेब चालला होता. अहमदाबादचा कोट बहुतेक पाडला गेला, दरवाजे तेवढे राहिले. आपल्याकडे दरवाजांच्या जोडीला भिंतही अजून बरीच उभी आहे. मग फेरी का नाही?

माहेरी आल्यावर तिने हे भाच्याला सांगितलं. तो म्हणाला, ‘आत्या, रोज तिथूनच तर जातो. त्यात पाहाचं काय हाय?’ तिने त्याला सकाळी, दुकानांची शटर उघडायच्या आत, जवाहर गेटात नेऊन उभं केलं. एरवी मान वर केली की मागून हॉर्न वाजतो. कमानीचे दगड एकमेकांना कसे दाबून धरतात, सांध्यातला चुना कुठे टिकलाय आणि कुठे पिंपळाच्या मुळाने उकरून काढलाय, वाढदिवसाच्या शुभेच्छांच्या फ्लेक्सला ठोकलेले खिळे दगडाच्या नेमक्या कोणत्या फटीत गेलेत, हे सगळं त्याने पाहिलं. फोटोही काढले. पण तिला दाखवायचं होतं ते एवढंच नव्हतं.

नुसती कमानींची उंची आणि दगडाची जात सांगणाऱ्या फेऱ्या तिला अळणी वाटतात. दरवाजा आला की तो कोणासाठी उघडा होता, हेही सांगायला हवं. अंबागेटातून बाहेर पडलं की अंबादेवीचं मंदिर, शेजारी एकवीरा. रुक्मिणीचं हरण इथूनच झालं ही कथा गावातलं पोर सांगेल. नवरात्रात तर रस्ताभर माणसंच माणसं. याच मंदिराची पायरी अस्पृश्य मानलेल्यांना बंद होती. प्रवेशासाठी सत्याग्रह करायचा का, हे ठरवायला १३ नोव्हेंबर १९२७ रोजी इंद्रभुवन थिएटरात परिषद भरली. अध्यक्ष होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर; पंजाबराव देशमुख या चळवळीत पुढे होते. परिषदेतच बाबासाहेबांना थोरले भाऊ बाळाराम गेल्याची बातमी मिळाली. मंदिरासमोर उभं राहून रुक्मिणीची कथा सांगायची आणि ही गाळायची, असा गाइड तिला नको होता.

मग भाच्याने कागदावर फेरीचा रस्ता आखला. सव्वादोन मैल म्हणजे साडेतीन किलोमीटरच्या आसपास, चालायला फार नाही. पण वाटेतली वखार, गल्ली, बंद दार यांमुळे भिंत सलग धरता येत नाही, सारखं आत-बाहेर करावं लागतं. त्यात त्याची भर पडत गेली. १८९७ची काँग्रेस अमरावतीत भरली होती. अध्यक्ष शंकरन नायर, स्वागताध्यक्ष दादासाहेब खापर्डे, आणि टिळक त्या वेळी तुरुंगात. ती गोष्ट कुठे सांगायची? हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ तर हवंच: १९१४ची स्थापना, १९३६ मध्ये मंडळाची मुलं बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी देशी खेळ दाखवून आली. त्याला शिवाजीराव पटवर्धनांचं कुष्ठरुग्णांसाठीचं तपोवनही घ्यायचं होतं. ते पायी जमण्यातलं नाही, त्याला वेगळा दिवस लागेल, यावर दोघांचं एकमत झालं.

वाद झाला तो खुनारी खिडकीवरून. ‘सकाळी सकाळी लोकायले खून काय सांगतं, आत्या?’ म्हणून त्याने ती खोडली. तिने पेन घेऊन पुन्हा लिहिली, अंबादेवीच्या आधी, आणि समोर दहा मिनिटं टाकली. निघायची वेळ साडेसहा, कारण वैशाखात नऊनंतर वऱ्हाडात हौसेने कोणी चालत नाही. गिला वडा संध्याकाळचा. त्यासाठी ज्याने त्याने पुन्हा यावं.