ओढलेलं आणि ओतलेलं

फ्रेंच गिलावकामाच्या संज्ञा इंग्रजीत नेताना शब्दकोशाआधी कामाची रीत पाहावी, असं मला ठामपणे वाटतं. ‘मुलाज’ हा शब्द ‘मोल्डिंग’सारखा भासतो, पण तो साच्यात ओतण्याचं काम सांगतो, नक्षीची पट्टी म्हणजे ‘मुल्यूर’. तंतू घालून ओतलेल्या प्लास्टरला फ्रेंच ‘स्टाफ’ म्हणतात. ब्रिटनमध्ये ते ‘फायब्रस प्लास्टर’, आणि तिथलं १८५६ चं पेटंट देझाशी या फ्रेंच कारागिराचंच! अमेरिकेनं मात्र १८९३ च्या शिकागो प्रदर्शनात ‘स्टाफ’ हाच शब्द ठेवला. सरसकट ‘प्लास्टर’ लिहिलं तर काय बिघडतं, असं कुणी म्हणेल. घरमालकाचं काहीच नाही. पण ओल्या प्लास्टरवर फर्मा ओढून जागेवरच घडवलेली कॉर्निस, म्हणजे छताकडेची नक्षीपट्टी, आणि कारखान्यात ओतून नंतर टांगलेली कॉर्निस यांची दुरुस्ती वेगळी असते, आणि कारागीर हाती आलेल्या कागदावरच विसंबतो.