परसदारची लढाई

दिवाळीच्या किल्ल्यावर लढाई कधीच होत नाही, हे तुमच्या ध्यानात आले आहे का? वर सिंहासनावर महाराज, पायऱ्यांवर मावळे, खाली हळिवाचे हिरवे शेत आणि आरशाच्या तुकड्याचे तळे. शत्रू म्हणून कुणी नाहीच. लहानपणी धाकटा भाऊ आणि मी असे किल्ले पुष्कळ केले. भांडण झालेच तर तोफ कुठे ठेवायची एवढ्यावरून.

त्या भावाचे नि माझे बोलणे गेली सहा वर्षे बंद आहे. कारण नेहमीचेच, घराची वाटणी. त्याचा मुलगा मात्र माझ्याकडे येतो-जातो. तो इंग्लंडात शिकतो. मे महिन्याच्या सुटीत आला तो अंगठ्याएवढ्या धातूच्या शिपायांचा डबा घेऊन.

"काका, लढाई खेळू या. सेंट ऑल्बन्स, २२ मे १४५५."

वयाच्या पंचेचाळिशीत शिपाई खेळायचे म्हणजे जरा संकोच वाटला. पण एच. जी. वेल्ससारख्या कादंबरीकाराने या खेळाचे नियम सांगणारे पुस्तकच १९१३ साली लिहिले आहे, हे कळल्यावर मी निर्धास्त झालो.

जेवणाच्या टेबलावर लंडनच्या उत्तरेचे ते गाव वसले. काडेपेट्यांची घरे, उदबत्तीच्या नळकांड्याचा घड्याळाचा मनोरा. (खरा मनोरा अजून उभा आहे.) एक शिपाई म्हणजे पन्नास माणसे. गावात राजा सहावा हेन्री, त्याचे चाळीस शिपाई. गावाबाहेर पूर्वेला रिचर्ड, ड्यूक ऑफ यॉर्क, त्याचे साठ. दोघेही तिसऱ्या एडवर्डच्या वंशातले. म्हणजे आपली भाऊबंदकीच. यॉर्कचा राग राजाच्या कानाशी लागलेल्या ड्यूक ऑफ सॉमरसेटवर होता. त्याला आमच्या स्वाधीन करा, एवढीच त्याची मागणी.

मी राजाची बाजू घेतली. मास्तराला गादीची बाजू घ्यावीशी वाटतेच. गावात शिरणाऱ्या गल्ल्यांच्या तोंडाशी अडसर घालून मी माणसे उभी केली. चाल फूटपट्टीने मोजायची, मारामारीचा निकाल फाशांनी; अडसरामागच्याला एक गुण जास्त. फासे मला धार्जिणे होते. यॉर्कचे शिपाई गल्लीत पटापट आडवे होऊ लागले आणि मी चहा सांगितला.

तेवढ्यात पोराने वॉरिकचे तिरंदाज उचलून घरांच्या मागे नेले.

"काका, इथे कोण आहे?"

कोणी नव्हते. रस्ते अडवले होते, परसदार उघडे होते. त्या दिवशीही नेमके असेच झाले. वॉरिकची माणसे मागच्या बागांतून, घरांमधून थेट बाजारपेठेत उतरली. तिथे राजाच्या कित्येकांनी अजून शिरस्त्राणेही चढवली नव्हती. राजाच्या मानेला बाण लागला. त्याला एका कातडी कमावणाऱ्याच्या घरात नेले. सॉमरसेट, नॉर्थम्बरलंड आणि क्लिफर्ड, यॉर्कच्या बाजूचे तीन मोठे वैरी तेवढ्यात कापले गेले. राजाला कुणी मारले नाही. विजेत्यांनी त्याच्यापुढे गुडघे टेकून क्षमा मागितली म्हणे!

"पुन्हा मांड," मी म्हणालो.

दुसऱ्या डावात परसदारी दहा शिपाई ठेवले आणि जिंकलो. सॉमरसेट वाचला. कथानक असे हवे तसे फिरवण्याची मला सवय आहे, तरी आनंद झालाच.

"खरे कधी मिटले रे ते?"

"मिटवायला १४५८च्या मार्चमध्ये सगळ्यांना लंडनला आणलं. सॉमरसेटचा मुलगा आणि यॉर्कच्या बाजूचे सरदार हातात हात घालून सेंट पॉलच्या देवळात गेले. पुढच्या वर्षी पुन्हा लढाई. १४६०च्या डिसेंबरात यॉर्कही मारला गेला. तेव्हा समोर क्लिफर्डचा मुलगा होता."

घरच्या लग्नात आम्ही दोघे भाऊ एका फोटोत शेजारी उभे आहोत, ते मला उगाचच आठवले.

"आणि त्या सकाळी लढाईच्या आधी काय चालले होते?"

"बोलणी. दोनतीन तास निरोप जात-येत होते. यॉर्कने आधी पत्रंही धाडली होती. ती राजाला दाखवलीच नाहीत, असं तो नंतर म्हणाला."

"मग तिथून खेळू. पत्र राजाच्या हाती पडले असे धरू."

पोरगा हसला. "मग खेळच नाही, काका. फासे कशावर टाकायचे?"

तो शिपाई डब्यात भरू लागला. वाटणीच्या वेळी मीही भावाला एक पत्र लिहिले होते. चार पाने. टपालाने घालवायचे जिवावर आले, म्हणून एका नातलगाच्या हाती दिले. उत्तर आले नाही, ते मी मनात धरून बसलो.

"तुझ्या बाबांना माझे पत्र पोचले होते का रे?"

त्याच्या हातात वॉरिकचा निशाणवाला होता. तो तसाच थांबला.

"कुठलं पत्र, काका?"